पळसुल्यांचा नो-बॉल

यतीन पळसुले त्या रविवारी मैदानावर गेला तो गाडीत बसून राहायला. बेत अगदी साधा होता. लेकीला, तनूला, क्लबच्या दारात सोडायचं, गाडी झाडाखाली लावायची, सीट मागे करायची आणि थर्मासमधला चहा पीत अकरा वर्षांखालच्या मुलांची क्रिकेट मॅच काचेतून, जमल्यास डोळे मिटून, बघायची. आठवडाभर बेसिंगस्टोकच्या बिझनेस पार्कमध्ये बसून त्याने एकाच सॉफ्टवेअरचं एकच रिलीज चार वेळा पुढे ढकललं होतं. असल्या माणसाला रविवारी सकाळी डुलकी लागली तर देवसुद्धा काही म्हणत नाही. पण देवाच्या आधी ग्रॅहम आला.

ग्रॅहम म्हणजे मुलांच्या टीमचा मॅनेजर. उमदा, लालबुंद, आणि नकार ऐकू न येणारा. त्याने काचेवर टकटक केलं आणि विचारलं, "सॉरी टू बॉदर यू, पण आज अंपायर आलेला नाही. तुम्ही इंडियाचे ना?"

यावर माणूस काय म्हणणार? यतीन "हो" म्हणाला. चहाचा दुसरा घोट घ्यायच्या आत त्याच्या अंगात गुडघ्याखाली जाणारा पांढरा कोट आणि खिशात चेंडू मोजायचे सहा खडे होते.

भारतातून आलेल्या प्रत्येक पुरुषाला क्रिकेट येतं, हा इंग्रजांचा एक प्रामाणिक गैरसमज आहे, आणि तो दूर करायला आपला एकही पुरुष आजवर पुढे आलेला नाही. यतीनची क्रिकेटमधली सगळी कारकीर्द पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये झाली होती आणि तीही कच्चा लिंबू म्हणून. कच्चा लिंबू म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. जो लहान, मंद किंवा रडका असेल त्याला खेळात घ्यायचं, पण तो आऊट झाला तरी धरायचं नाही. बाकीची मुलं सातव्या-आठव्या वर्षी या पदावरून निवृत्त होतात. यतीनला मिसरूड फुटलं तरी कोणी निवृत्त करेना. शेवटी दहावीचा क्लास लागला म्हणून त्याने आपण होऊन राजीनामा दिला.

पहिल्या मॅचला त्याने काही ओव्हर सात चेंडूंच्या टाकून घेतल्या, काही पाचाच्या. एकदा खडे आणि गाडीची किल्ली एकाच खिशात गेल्यामुळे एक ओव्हर मोजायचीच राहिली. तरी सुरुवातीला होती तेवढीच मुलं शेवटीही मैदानावर होती, हे पाहून ग्रॅहम खूश झाला. "ब्रिलियंट! नेक्स्ट संडे, सेम टाइम," म्हणाला. यतीनने कोट काढून द्यायला हात पुढे केला, तर ग्रॅहम निघून गेला होता.

"संपलास तू," हरीश म्हणाला. हरीश त्यांचा दोन घरं सोडून राहणारा शेजारी. मूळ नागपूरचा, आणि इथे बारा वर्षं काढल्यामुळे या देशावरचा आपला अधिकार राजघराण्याच्या खालोखाल आहे असं मानणारा. "मी एकदाच हो म्हटलं होतं बे. पोराच्या फुटबॉल क्लबमध्ये. 'हरीश, ही जाळीदार बनियनं या एका हप्त्यापुरती घरी धुशील का?' चार वर्षं झाली. पोरानं फुटबॉल सोडला, मी अजून धुतो. कोट घरी आणायचाच नसतो ना बे!"

"मग आता काय करू?"

"आजारी पड."

यतीन आजारी पडला असता, पण तेवढ्यात क्लबकडून कळलं की मुलांमध्ये वावरायचं तर पोलीस-तपासणी लागते. यतीनला बरं वाटलं. सरकारी काम म्हणजे मोसम संपेपर्यंत सुटका, असा त्याचा पुण्याचा अनुभव होता. आणि सरकारने आशाही दाखवली. पासपोर्टवर तो यतीन मधुकर पळसुले होता, विजेच्या बिलावर वाय. पळसुले, आणि कौन्सिलच्या कागदांवर कोणा भल्या माणसाने त्याला मिस्टर मधुकर करून टाकलं होतं. कचेरीचं म्हणणं पडलं की या पत्त्यावर तीन पुरुष राहतात आणि त्यांतला अंपायर कोण हे कळत नाही. मधुकर हे माझे वडील असून ते कोथरूडला असतात, असं यतीनने फोनवर सांगितलं. पलीकडच्या बाईंनी सहानुभूतीने विचारलं, "मग तुम्ही त्यांचं नाव का वापरता?" आपल्याकडे सगळेच वापरतात, हे तिला पटवण्यात त्याचे तीन लंच-ब्रेक गेले. आणि ऐन वेळी सरकारने दगा दिला. मंजुरी आली.

मग बालसुरक्षेचा ऑनलाइन कोर्स. त्यात प्रश्न होता: मैदानावर एखादं मूल रडू लागलं तर तुम्ही काय कराल? यतीनने मनापासून लिहिलं, त्याला बाजूला नेऊन जवळ घेईन, नाक पुसेन आणि बिस्किट देईन. संगणकाने कळवलं की या एका उत्तरात तीन नियम मोडलेले आहेत. दुसऱ्या खेपेला तो पास झाला, पण मुलाला रडू द्यायचं आणि चार हातांवरून धीर द्यायचा, हे त्याच्या पचनी कधीच पडलं नाही.

याच सुमारास त्याच्या सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या. सुहासिनीबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. नवरा मास्तर, दीर मास्तर, आणि म्हणूनच लेक ऋजुताला मास्तराच्या घरात द्यायचं नाही हा त्यांचा पण होता. "मास्तराच्या घरी वह्या येतात, माणूस शाळेतच राहतो," असं म्हणून त्यांनी दोन चांगली स्थळं परत पाठवली होती आणि इंजिनिअर म्हणून यतीनला पसंत केलं होतं. जून महिन्यात स्वेटर, त्यावर शाल आणि माकडटोपी अशा थाटात त्या सीमारेषेवर घडीच्या खुर्चीत बसल्या आणि जावयाला आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या, "कोट मोठा झालाय, यतीनराव. कंपाउंडर दिसता."

यतीनला ते लागलं. पण खरं सांगायचं तर आता त्याला कोटाचा पहिल्याइतका राग येत नव्हता. झालं असं होतं की त्याला नुसतं बोट वर करता येत नसे. आऊट दिलं की तो निकालपत्र वाचून दाखवी. पायचीत झालेल्या मुलाला परत बोलवायचा, दोन्हीकडच्या पोरांना गोळा करायचा आणि पाण्याच्या बाटल्या स्टंपांसारख्या मांडून, हा चेंडू कुठून आला, पाय नसता तर कुठे गेला असता, हे दाखवायचा. पोरं उकिडवी बसून ऐकत. "सर, पण तो आधी बॅटला लागला असता तर?" असं कोणी विचारलं की यतीनला इतकं बरं वाटे की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. मॅच तासभर लांबायला लागल्या. पालकांचे रविवारच्या जेवणाचे रोस्ट ओव्हनमध्ये करपू लागले. एका बापाने ग्रॅहमला विचारलं की ही मॅच आहे की नाइट-स्कूल.

ऑफिसात त्याला सगळे 'याट' म्हणत. इथे बावीस मुलं 'सर' म्हणत होती. सोमवारी सकाळी कॉलवर कोणीतरी रिलीजची नवी तारीख सांगत असे आणि याट कागदावर तीन स्टंप काढून, चेंडूची दिशा डावऱ्या मुलांना कशी समजवावी, याचा विचार करत असे. थकवा तर इतका, की रविवारी संध्याकाळी ऋजुताने "चहा घेणार?" विचारलं तर तो खाली बसूनच मान हलवी. पण हा थकवा शुक्रवारच्या थकव्यासारखा नव्हता. शुक्रवारी झोप लागत नसे.

आता हेझल. हेझल ही तनूच्या टीममधली सगळ्यात लहान मुलगी. हेल्मेट घातलं की नुसतं हेल्मेटच चालत येतंय असं वाटे. खालच्या वयोगटातल्या मुलांना इथे आऊट झालं तरी खेळू देतात, पाच रन कापतात एवढंच. म्हणजे इंग्रजांनी त्या वयाची सगळी पोरंच कच्चा लिंबू करून ठेवली आहेत. पण हेझल यंदा मोठ्यांत आली होती आणि मोठ्यांत आऊट म्हणजे आऊट. मोसमात ती पाचदा खेळायला आली आणि पाचही वेळा पहिल्याच चेंडूवर परत गेली. परत जाताना ती रडत नसे. बॅट मागे ओढत नेई, आणि गवतावर त्या बॅटची रेघ उमटे. ती रेघ यतीनला घरी आल्यावरही दिसे.

जुलैतल्या शेवटून दुसऱ्या मॅचला हेझलची आई यतीनच्या शेजारी उभी होती. सहज म्हणावं तसं म्हणाली, "आज पुन्हा तसंच झालं तर आम्ही थांबवणार आहोत. शी वोन्ट से इट, पण रात्री झोपत नाही ती."

यतीन ते ऐकून कोटाची बटणं लावत मैदानात गेला. हे त्याला कोणी सांगायलाच नको होतं.

हेझल आली. बॉलर होता समोरच्या टीमचा टोबी नावाचा मुलगा, तोही बेताचाच, चष्म्याची काडी चिकटपट्टीने जोडलेली. टोबीने धावत येऊन चेंडू टाकला. चेंडू सरळ गेला, हेझलची बॅट तो गेल्यावर फिरली आणि मधला स्टंप आडवा झाला. टोबीने दोन्ही हात वर केले. हेझलने बॅट खाली टेकवली, ओढायला.

आणि यतीन पळसुले, वय वर्षं चव्वेचाळीस, पोलिसांनी तपासलेला, बालसुरक्षेत उत्तीर्ण, याचा उजवा हात आपोआप बाजूला आडवा झाला.

"नो-बॉल!" तो म्हणाला.

स्टंप पडल्यावर नो-बॉल ओरडणारा अंपायर हॅम्पशर परगण्याने बहुधा पाहिला नव्हता. सगळं मैदान त्याच्याकडे वळलं. आणि सीमारेषेवरून मराठीत एकच खणखणीत आवाज आला, "अहो, दांडी गुल झाली की!"

पुढचा चेंडू हेझलच्या बॅटला लागला. त्याच्या पुढचाही. तिने तीन रन काढल्या आणि तिसरी धावताना ती हसत होती, हेल्मेटच्या जाळीतून दात दिसत होते. यतीनला भरून आलं. पण तेवढ्यात टोबी जवळ आला आणि अगदी अदबीने म्हणाला, "सर, माझा पाय कुठे पडला होता?"

पाय रेषेच्या चांगला आत पडला होता. यतीन "जरासा पुढे," एवढंच पुटपुटला. पुढची सगळी ओव्हर टोबीने भीतीने रेषेच्या दोन हात मागून टाकली. चेंडू पोचतच नव्हते. ते पाहताना यतीनचं भरून आलेलं जागच्या जागी ओसरलं.

घरी आल्यावर सासूबाईंनी माकडटोपी काढली, घडी केली आणि म्हणाल्या, "कच्चा लिंबू केलात ना तिला?"

यतीनने मान खाली घातली. "हो."

"मनात आलं ते वाईट नव्हतं. पण यतीनराव, कच्चा लिंबू खेळ सुरू व्हायच्या आधी जाहीर करायचा असतो. सगळ्यांच्या कबुलीने. दांडी गुल झाल्यावर जाहीर केला तर तो रडीचा डाव. आणि त्या चष्मेवाल्या पोराचं काय? तोही कुणाचा तरी कच्चा लिंबूच आहे."

तक्रार दुसऱ्या दिवशी आली, व्हिडिओसकट. लीगच्या ज्युनिअर समितीने गुरुवारी संध्याकाळी क्लबच्या पॅव्हेलियनमध्ये यतीनला बोलावलं. हरीश धावत आला.

"सॉरी म्हण आणि कोट टेबलावर ठेव. सुटलास! लोकं अशा संधीची वाट पाहतात बे. मला कोणी त्या बनियनांवरून काढून टाकलं तर मी पेढे वाटीन."

"पण मला सुटायचं नाहीये," यतीन म्हणाला, आणि बोलल्यावर त्यालाच दचकायला झालं. मे महिन्यापासून तो या कोटातून बाहेर पडायची वाट शोधत होता. आता वाट आपण होऊन आली होती आणि तो कोटाची बटणं तपासत बसला होता. रविवार गेला तर आठवड्यात उरणार काय होतं? याट, आणि रिलीजची पाचवी तारीख.

समितीत तिघं होते. अध्यक्ष निवृत्त बँकवाले मिस्टर हॉवर्ड, एक सतत टिपून घेणारे गृहस्थ, आणि टोबीच्या टीमच्या मॅनेजर मिसेस बार्लो, ज्या जवळच्याच एका सरकारी शाळेत गणिताच्या प्रमुख होत्या आणि ज्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पाहून यतीनला प्रथमच कोणीतरी आपल्याहून दमलेलं भेटल्याचं समाधान मिळालं. चहा आला, बिस्किटं आली. इंग्रज माणूस फाशी देतानाही आधी दूध किती घालू विचारेल.

"मिस्टर पळसुले, तुम्हाला पाय पुढे दिसला होता का?" हॉवर्डनी विचारलं.

"नाही. पाय बरोबर होता. ती आऊट होती. मी चुकून नाही, मुद्दाम दिला."

टिपून घेणाऱ्यांचं पेन थांबलं. सोबत आलेल्या ग्रॅहमने कपाळाला हात लावला. समितीचा पुढचा प्रश्न यायच्या आत यतीनने स्वतःच पुढे बोलायला घेतलं. पुण्यातलं पार्किंग, कच्चा लिंबू ही संस्था, तिचे नियम, तिच्यात आपण काढलेली वर्षं, सगळं त्याने सांगितलं. समजावताना सवयीने दोन कप आणि दूधदाणी स्टंपांसारखी मांडली. "आमच्याकडे ते मूल खेळात राहावं म्हणून करतात. पण ते आधी सांगावं लागतं. मी नंतर केलं. म्हणजे मी तुमचा नियम मोडला आणि आमचाही. मला शिक्षा द्या. पण टोबीला कोणीतरी सांगा की त्याचा पाय बरोबर होता. तो आता मागून टाकतो."

"अंगणात टेप घेऊन पावलं मोजतो," मिसेस बार्लो म्हणाल्या.

निकाल लागला. या मोसमात अंपायरिंग बंद, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा. हॉवर्डनी हस्तांदोलन केलं आणि मनापासून सांगितलं की संध्याकाळ फारच इंटरेस्टिंग झाली. यतीनने कोटाची घडी करून खुर्चीवर ठेवली. त्याला रडू येत होतं आणि चार हातांवरून धीर द्यायलाही कोणी नव्हतं.

सगळे गेल्यावर तो कप विसळायला थांबला. मिसेस बार्लो पुसायला आल्या.

"तुम्ही वाईट अंपायर आहात," त्या म्हणाल्या. "अंपायरने काय झालं तेवढंच बघायचं असतं. तुम्ही त्या मुलीचं पुढे काय होणार ते बघत होतात."

"हो. चुकलंच ते."

"त्यासाठी वेगळी नोकरी असते. पगार कमी, आणि शुक्रवारी थकून चालता येत नाही." त्यांनी एक कप उलटा ठेवला. "पण तिथेही खोटा नो-बॉल चालत नाही हं. आमच्याकडे गणिताला माणूस मिळत नाही. एक दिवस येऊन मागे बसा. आणि टोबीला तुम्हीच सांगा."

टोबीला त्याने शनिवारी, त्याच्या नेट-प्रॅक्टिसला, त्याच्या आईसमोर सांगितलं. "तुझा पाय बरोबर होता. चूक माझी होती."

"आय नो," टोबी म्हणाला. "डॅडने शूट केलं होतं." मग चष्मा वर सरकवून म्हणाला, "पण तुम्ही सांगितल्यावर बरं वाटलं." आणि रेषेपासून धावत येऊन त्याने असा चेंडू टाकला की बॅट घेऊन समोर उभ्या राहिलेल्या यतीनच्या नडगीवर त्याची खूण महिनाभर राहिली.

यतीन एक दिवस शाळेत मागे बसला. मग रजा काढून आणखी काही दिवस बसला. मोसम संपला, हेझल पुढच्या वर्षीही खेळणार असं कळलं, हिवाळा आला आणि एका संध्याकाळी त्याने ऋजुताला सांगितलं की नोकरी सोडून शिक्षकाचं ट्रेनिंग घ्यावं म्हणतो. ऋजुताने फोनवर बँकेचं खातं उघडून आकडे पाहिले. मग म्हणाली, "घराचा हप्ता मी बघते. पण आईला तू सांग."

सासूबाई तोवर पुण्याला परतल्या होत्या. व्हिडिओ कॉलवर त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चेहरा हलला नाही, त्यामुळे नेटवर्क गेलं की काय म्हणून यतीनने दोनदा हॅलो म्हटलं.

"दोन मास्तर परत पाठवले मी," अखेर त्या म्हणाल्या. "चांगले होते. एक तर देखणा होता." आणि मग, मोठा उसासा टाकून, "फळ्याकडे तोंड करून बोलू नका. पहिल्या बाकाला शिकवू नका, तो आपोआप शिकतो. आणि वह्या स्वयंपाकघरात आणू नका, डाग पडतात."

दीड वर्षाने, सप्टेंबरातल्या एका ओल्या मंगळवारी, पळसुले सर सातवीच्या वर्गापुढे एकटे उभे होते. अपूर्णांकांची बेरीज चालली होती. पहिला बाक आपोआप शिकत होता. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने, जिने पंधरा दिवसांत तोंड उघडलं नव्हतं, हात वर केला. अर्धा वरच, पटकन खाली घेता येईल असा. तिने उत्तर दिलं. साफ चुकलं होतं. वर्गात कोणीतरी फिसकन हसलं, आणि तिने नजर खाली घातली.

सरांचा उजवा हात आपोआप बाजूला आडवा झाला.

नेमकं त्या बाजूला दार होतं. मुलीने सरांकडे पाहिलं, त्या हाताकडे पाहिलं, मुकाट्याने दप्तर उचललं आणि दाराकडे चालू लागली. दप्तराचा एक पट्टा मागे जमिनीवर ओढला जात होता.

"नाही, नाही, नाही! बस! तुला नाही बाहेर काढलं!" सर घाईघाईने तिच्या वाटेत आले. हात खाली घेतला. वर्ग बघत होता. खोटं सांगायचं नाही, आणि सगळ्यांच्या कबुलीने, हे त्यांनी मनाशी घोकलं. "हे बघा. उत्तर चुकलंय. ते चुकलंयच. पण या वर्गात पहिला चेंडू धरायचा नाही, कोणाचाच. आजपासून. कबूल?"

या विचित्र माणसाला काय म्हणायचंय ते कोणालाच नीट कळलं नाही, पण सुटण्यासारखं काहीतरी दिसलं की मुलं लगेच कबूल होतात. वर्ग "येस सर" म्हणाला.

मुलगी परत जागेवर बसली. दप्तर खाली ठेवलं. सरांचे पाय दुखत होते, गुडघ्यात कळ येत होती आणि आज घरी न्यायच्या वह्यांचा ढीग टेबलावर वाट बघत होता.

"हं," पळसुले सर म्हणाले, "आता पुन्हा खेळ."